मध्ययुगीन युरोपवरील पहिला शोधनिबंध कलामझूला वाचावा की लीड्सला?

तुमचा विषय इ. स. ३०० ते १५०० या काळात बसत असेल, तर पहिला निबंध इंग्लंडमधील लीड्सच्या आंतरराष्ट्रीय मध्ययुगीन परिषदेला पाठवावा. १९९४ पासून दर जुलैत भरणाऱ्या या परिषदेत सुट्या निबंधाचा प्रस्तावही घेतला जातो आणि आयोजक त्याला समविषयक निबंधांसोबत एका सत्रात गुंफतात. उलट, अमेरिकेतील वेस्टर्न मिशिगन विद्यापीठातील १९६२ पासूनच्या कलामझू परिषदेत बरीच सत्रे अभ्यासमंडळांनी आधीच आखलेली असल्याने आपल्याला साजेसे सत्र शोधत बसावे लागते. साधारण दीड तासाच्या सत्रात तीन निबंध झाल्यावर उरणारा चर्चेचा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो: जुन्या पुस्तकबांधणीतून निघालेला चर्मपत्राचा तुकडा तुम्ही पडद्यावर दाखवता आणि समोरचा लिपितज्ज्ञ अक्षरांच्या वळणावरून त्याचा काळ सुचवतो. अशी दुरुस्ती निबंध छापण्याआधीच मिळणे नवोदित संशोधकासाठी फार महत्त्वाचे असते. मात्र विषय सोळाव्या शतकातील प्रबोधनकाळाचा असेल, तर या दोन्हींऐवजी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या रेनेसान्स सोसायटी ऑफ अमेरिकेची वार्षिक परिषद अधिक योग्य ठरेल.