नव्या फोनऐवजी छोटा लॅपटॉप घ्यावा का?

पंचवटीतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे : “मी पाच दुकानांचे हिशेब लिहिते आणि जीएसटीची विवरणपत्रे भरते. त्यासाठी सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येक दुकानात जाऊन त्यांच्याच संगणकावर बसावे लागते. महिन्याला सुमारे २४,००० रुपये मिळतात, त्यातले १५,००० घरखर्चाला जातात, बचत ५८,००० आहे. फोनची काच फुटली आहे. २४,००० चा नवा फोन घेण्याऐवजी ३२,००० चा छोटा लॅपटॉप आणि १,८०० चा बटणांचा फोन घेऊन स्मार्टफोन कायमचा सोडावा, असे मनात आहे. दुकानदार लॅपटॉपला बिनव्याजी हप्ते देतो. एम. जी. रोडवर २२,००० चा वापरलेला लॅपटॉपही पाहिला आहे. काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप जरूर घ्या; मात्र स्मार्टफोन सोडू नका आणि लॅपटॉपही नवा घेऊ नका, असे माझे मत आहे.

फोनबद्दल आधी लिहितो, कारण तुमच्या बेतातली खरी अडचण तिथे आहे. यूपीआयची नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवते आणि तो नंबर, तो फोन व तुमचे खाते यांची सांगड घालते. ही सांगड लॅपटॉपवर घालता येत नाही, म्हणून तिथे ही अ‍ॅप्स चालत नाहीत. बटणांच्या फोनवर ओटीपी येतो, त्यामुळे लॅपटॉपवरून नेट बँकिंग करता येईल. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये साध्या फोनसाठी सुरू केलेली ‘यूपीआय १२३पे’ ही सोयही आहे. परंतु रविवार कारंजावर भाजी घेताना क्यूआर कोड स्कॅन करण्याइतके ते सुटसुटीत नाही. व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर जोडता येते, मात्र मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर ती जोडणी तुटते. शिवाय दुकानदार तुम्हाला खरेदीची बिले फोटो काढूनच पाठवत असणार, आणि एखादे बिल राहिले तर तुम्हीही ते फोननेच टिपत असाल. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बिल धरून त्यावरचा जीएसटी क्रमांक नीट वाचता येईल, अशी खात्री मी देऊ शकत नाही.

म्हणून २४,००० चा फोन नको आणि १,८०० चाही नको. आहे त्याच फोनची काच बदलून घ्या. खर्च नक्की विचारून घ्या. मी हिशेबात २,८०० रुपये धरले आहेत. फोन जुना असल्याने त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील, तर यूपीआय मुख्य खात्याला न जोडता थोडी रक्कम ठेवलेल्या वेगळ्या बचत खात्याला जोडा. चुकून काही घडलेच, तर झळ तेवढ्यापुरती राहील.

आता लॅपटॉप. तो उत्पन्न वाढवणारा आहे, म्हणूनच मी त्याच्या बाजूने आहे. जाण्यायेण्याचा वेळ वाचून महिना २,५०० रुपयांचे एकच नवे दुकान मिळाले, तरी २२,००० रुपये नऊ महिन्यांत भरून निघतात. एक खर्च मात्र तुमच्या पत्रात आलेला नाही. आतापर्यंत तुम्ही दुकानदारांच्या संगणकावरची टॅली, म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर, वापरत होता. स्वतःच्या लॅपटॉपवर तिचा परवाना वेगळा घ्यावा लागेल. तो भाड्यानेही मिळतो, आणि सुरुवातीला भाड्यानेच घेणे शहाणपणाचे ठरेल. विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारे क्रोमबुक स्वस्त दिसले तरी घेऊ नका, कारण टॅली विंडोजवर चालते.

वापरलेला लॅपटॉप पाहताना फक्त बाहेरून चकचकीत आहे का, एवढेच पाहू नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र ठरत नाहीत. असा लॅपटॉप २२,००० काय, १२,००० ला मिळाला तरी तुमच्यासारख्या, दुसऱ्यांच्या हिशेबाची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीने घेऊ नये. ८ जीबी रॅम, बॅटरीची स्थिती, लेखी हमी आणि पक्के बिल, यांवर अडून बसा.

बिनव्याजी हप्त्यांचे आकर्षण मी समजू शकतो. प्रत्यक्षात कर्ज देणारा व्याज आकारतो, आणि तेवढी सूट किमतीत दाखवून ते झाकले जाते. क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येते. ३२,००० वर सहा हप्ते आणि १६ टक्के दर धरला, तर एकट्या त्या जीएसटीचे अडीचशेच्या आसपास होतात. रक्कम लहान आहे, पण रोखीने मिळू शकणारी सूटही त्यात जाते.

करसवलतीचा विचार मनात असेल, तर तोही सोडून द्या. लॅपटॉपवर ४० टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो हे खरे, परंतु नव्या करप्रणालीत तुमच्या वर्षाच्या २,८८,००० रुपयांवर करच लागत नाही; त्यामुळे घसाऱ्याने एक रुपयाही वाचणार नाही.

तुमच्या मूळ बेताने बचतीत २४,२०० रुपये उरले असते, म्हणजे जेमतेम दीड महिन्याचा घरखर्च. मी सुचवलेल्या मार्गाने ३३,२०० उरतात; टॅलीचे भाडे त्यातून सुरू होईल. मला तीन महिन्यांचे, म्हणजे ४५,००० रुपये हवेसे वाटतात. म्हणून नव्या दुकानाचे पैसे भाडे वजा करून, तेवढी रक्कम होईपर्यंत सरळ बचतीतच ठेवा. सिंहस्थामुळे पंचवटीतल्या लॉज आणि दुकानांचे काम वाढेल, हा अंदाज मी हिशेबात मुद्दाम धरलेला नाही, कारण ते काम पर्वणीनंतर टिकेलच असे नाही. आणि लॅपटॉप घेताना दुकानदाराने जुन्या फोनचे पैसे देऊ केले, तरी तो फोन देऊ नका.