टर्बो सहा सिलिंडर इंजिन: बांधणी करताना पडणारे प्रश्न

टोयोटाचं २जेझेड-जीटीई इंजिन ८६.५ मिमी बोर करून (सिलिंडरचं भोक तेवढं रुंद करून) फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन टाकले. दोन हजार किलोमीटरमध्ये चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनची वरची कडा तुटली. बोअरवाला म्हणतो पिस्टन खराब, पिस्टनवाला म्हणतो ट्यूनिंग चुकलं. खरं काय? (भायखळा)

आधी त्या पिस्टनची वरची रिंग हातात घ्या आणि तिची दोन्ही टोकं उजेडात बघा. टोकं आरशासारखी चकाकत असतील, तर ती गरम होऊन एकमेकांना भिडली होती. भिडलेल्या रिंगला पसरायला जागा उरत नाही. ती बोरमध्ये आवळते आणि पिस्टनचा वरचा पट्टा उचकटून काढते. टोकं करडी, कोरडी असतील तर मात्र नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांचा) संशय घ्या. त्या सिलिंडरचा प्लग आणि इंजेक्टर तपासा.

टर्बो इंजिनात वरच्या रिंगचा गॅप (दोन टोकांमधली फट) बोरच्या दर मिलिमीटरला ०.००५५ मिमी धरतात. ८६.५ मिमीला तो ०.४७ ते ०.४८ मिमी होतो. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) दीड बारच्या वर न्यायचा असेल तर ०.५२ पर्यंत जा. दुसऱ्या रिंगचा गॅप त्याहून थोडा जास्तच ठेवा, म्हणजे दोन रिंगांमध्ये दाब कोंडत नाही. पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. डब्यातून काढलेली रिंग तशीच बसवू नका. ज्या बोरची रिंग त्याच बोरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने इंचभर खाली सरकवून सरळ करा आणि मग फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावा. फाइल नेहमी बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला मारा, नाहीतर कोटिंगचा टवका उडतो.

बोअरवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: होनिंग (बोरला आतून शेवटची घासणी) करताना टॉर्क प्लेट (हेडऐवजी बोल्टने आवळायची जाड प्लेट) लावली होती का? हेडचे बोल्ट आवळले की बोर किंचित वाकडा होतो. प्लेटशिवाय केलेला गोल बोर हेड बसल्यावर गोल राहत नाही. २६१८ या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून साधारण ०.०८ ते ०.१० मिमी मोकळीक लागते. थंड इंजिनात तो थोडा खडखडेल, त्याने घाबरू नका.

आणि पावसाळ्यात काम असेल तर हे लक्षात ठेवा. होनिंगची बारीक रेती डिझेलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश लागतो. ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे जुलैच्या मुंबईत धुतलेला बोर पुसायच्या आतच तांबूस पडायला लागतो. हवेने फुंकून लगेच तेलाचा हात फिरवा. मग पांढऱ्या फडक्याने पुसत राहा, फडकं करडं यायचं थांबेपर्यंत. हा अर्धा तास वाचवणारे पुढे रिंगा आणि बेअरिंग दोन्ही गमावतात.

टर्बो दोनदा बदलला. दोन्ही वेळा आयडलवर निळा धूर. टर्बोच नकली आहे का? (ठाणे)

दोनदा तोच आजार आला तर रोग बहुधा टर्बोबाहेर आहे. टर्बोच्या सीलमध्ये रबर नसतं. ती पिस्टन रिंगसारखी धातूची कडी असते, आणि साचलेलं तेल ती अडवू शकत नाही. तेल आपल्या वजनाने खाली पडून गेलंच पाहिजे. म्हणून परतीचा पाइप आतून किमान १६ मिमी हवा, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नको आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. वळणावर चेपलेला होज, गॅस्केटऐवजी फासलेलं सिलिकॉन, इतकं पुरतं. दाबलं गेलेलं सिलिकॉन आत लोंबतं आणि वाट अडवतं.

बॉल बेअरिंग टर्बो असेल तर तेलाच्या इनलेटला साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह कमी करणारं बारीक भोक) लागतो. साध्या जर्नल बेअरिंगला तो लावू नका, बेअरिंग उपाशी राहील. हे सगळं ठीक असूनही धूर असेल तर क्रँककेसचा (इंजिनच्या खालच्या पोकळीचा) दाब मोजा. ब्रीदर (तिथली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला किंवा रिंगा गळत असल्या की तो दाब तेलाला परत यायलाच देत नाही.

५०० हॉर्सपॉवरसाठी इंजेक्टर आणि पंप कोणते? पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे. (डोंबिवली)

टर्बो इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला सुमारे ०.६ पौंड पेट्रोल पितं. ५०० ला ३०० पौंड, सहा इंजेक्टरांत प्रत्येकी ५०. इंजेक्टर वेळेच्या ८५ टक्के उघडा धरला तर मिनिटाला ६०० ते ६२० सीसीचा लागतो. इथेनॉलमुळे ई२० ला साधारण ८ टक्के जास्त इंधन हवं, म्हणजे ६७० पर्यंत. ७५० सीसीचा घ्या.

पंपाचा डब्यावरचा आकडा कमी दाबावरचा असतो. रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या नळीत) ३ बार आणि वर दीड बार बूस्ट म्हणजे साडेचार बारला पंप किती देतो, तो तक्ता मागा. पूर्ण लोडवर पंपाच्या टर्मिनलला व्होल्टेजही मोजा. जुन्या बारीक वायरिंगवर तिथे ते १२ व्होल्टच्या खाली उतरतं आणि पंप तिथेच हरतो. ट्यूनिंग एअर-फ्युएल रेशोवर नाही, लॅम्डावर (इंधनाला नेमकी लागते तेवढी हवा म्हणजे १) करून घ्या, म्हणजे पेट्रोलमधला इथेनॉल बदलला तरी आकडा फसवत नाही. मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला ट्यूनिंगचा तक्ता) १०० ऑक्टेनवर बनवला असेल तर टाकीत नेहमी तेच जाणार का, हे आधी ठरवा. ९५ वर चालेल असा दुसरा मॅप जवळ ठेवाच.

दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं आहे. आरटीओचं काय? (वाशी)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घ्या, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवा आणि विमा कंपनीला कळवा. तेच इंजिन पुन्हा बांधत असाल तर ब्लॉक रंगवण्याआधी नंबरचा फोटो काढून ठेवा.

नवं इंजिन मुंबईत रनिंग-इन (सुरुवातीला रुळवणं) कसं करावं? (गोरेगाव)

पहिल्यांदा प्लग काढून, इंधन बंद ठेवून दहा-दहा सेकंद क्रँक करा. ऑइल प्रेशर दिसल्यावरच प्लग लावा. सुरू झाल्यावर गळती बघा, पाणी गरम होऊ द्या आणि लगेच रस्त्यावर काढा. अर्धा तास आयडलवर ठेवायची सवय वाईट. रिंगा बसतात त्या लोडने, आणि होनिंगच्या ताज्या रेघा झिजून जायच्या आत बसल्या तरच. म्हणून संध्याकाळचा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे टाळा. पहाटे निघा, खोपोलीहून घाट चढा. चौथ्या गियरमध्ये अर्धा थ्रॉटल द्या, मग पाय काढून इंजिन ब्रेकिंगवर गाडी हळू होऊ द्या. बूस्ट वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगपुरताच ठेवा.

तेल साधं मिनरल वापरा. पहिलं ५० किलोमीटरला बदला, दुसरं ५०० ला. दोन्ही वेळा फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि लोहचुंबक फिरवा. चुंबकाला लागलेली बारीक करडी पूड रिंगांची, ती पहिल्या वेळी चालते. पण चुंबकाला न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे बेअरिंगचे असतात. ते दिसले तर त्याच दिवशी संप खोला, गाडी पुन्हा सुरू करू नका.