सात विषय आणि जिनाचा हंगाम

प्रश्न : मी बोदवडला एका जिनिंगमध्ये हिशेब पाहते. बी.कॉम. होऊन सहा वर्षं झाली. येत्या जुलैला इग्नू मुक्त विद्यापीठाच्या एमबीएला प्रवेश घेणार आहे. पहिल्याच सत्राला सात विषय आहेत. सगळे एकदम द्यावेत का? दोन वर्षांत उरकेल का? आणि पुढे फायनान्स घ्यावं की मार्केटिंग? घरचे म्हणतात, मार्केटिंगला नोकऱ्या जास्त.

उत्तर : ताई, आधी कॅल्क्युलेटर घ्या. इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. तुमचा एकेक विषय ४ क्रेडिटचा, म्हणजे १२० तास. सातांचे झाले ८४०. सत्राचे २६ आठवडे धरले तरी आठवड्याला ३२ तास! दिवसभर जिनात, संध्याकाळी स्वयंपाक, आणि वर हे. माझी आजी असती तर विचारलं असतं, "तुले येळ शे का?"

मला नव्हता. जळगावात डाळमिलमध्ये नोकरी करत मीही बाहेरून पदवी केली. पहिल्याच वर्षी हौसेने सगळे पेपर भरले. परीक्षा आली तेव्हा मिलमध्ये नव्या तुरीची आवक सुरू झालेली. संख्याशास्त्राची गणितं मी काटापावतीच्या पाठीवर सोडवायची आणि मुनीमजी तीच पावती गाडीवाल्याला देऊन टाकायचे. त्या पेपराला १९ गुण पडले. शंभरपैकी.

म्हणून दोन वर्षांचा हट्ट नको. चार वर्षांपर्यंत मुदत आहे, ती आपल्यासारख्यांसाठीच आहे. नोंदणी पूर्ण सत्राची होते, पण परीक्षेला सातही पेपर भरलेच पाहिजेत असं नाही. जुलैचा प्रवेश म्हणजे पहिली परीक्षा डिसेंबरात, आणि तेव्हा तुमच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. डिसेंबरला तीनच द्या : अकाउंटिंग (ते तुमच्या हातातलंच आहे), मनुष्यबळ व्यवस्थापन आणि बिझनेस कम्युनिकेशन.

क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिसिस मात्र जूनला ठेवा. एप्रिल-मेमध्ये जिन थंड असतं. त्याला घाबरू नका, तुमच्याकडे उताऱ्याचं रजिस्टर आहे ना? क्विंटलभर कापसामागे कधी ३३ किलो रुई, कधी ३५. महिनाभराचे आकडे घ्या, सरासरी काढा, मग रोजचा उतारा तिच्यापासून किती ढळतो ते पाहा. प्रमाण विचलन म्हणतात ते हेच. पुस्तकातल्या बल्बच्या कारखान्यापेक्षा हे लवकर डोक्यात शिरेल, शिवाय कोणत्या गावचा माल ओला येतो तेही कळेल.

एक खोच आहे. जानेवारीत दुसऱ्या सत्राचे सात विषय येतात, आधीचे सुटलेले असोत वा नसोत. त्यामुळे जूनला नव्यांतले दोनच घ्या, बाकी जुने संपवा.

फायनान्स की मार्केटिंग? पहिलं वर्ष दोघांनाही सारखंच असतं, वाटा तिसऱ्या सत्रापासून फुटतात. माझं विचाराल तर फायनान्स. मालकाची बँकेतली कॅश क्रेडिटची (म्हणजे उचल-कर्जाची) मर्यादा, शेतकऱ्यांचा चुकारा, गाठी विकून येणारा पैसा, ही ओढाताण तुम्ही रोज बघता, आणि खेळतं भांडवल हा त्यातला एक पेपरच आहे. घरच्यांनी नोकऱ्या नेमक्या कुठे मोजल्या, हेही एकदा विचारून बघा.

फॉर्म भरण्याआधी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) काढावा लागतो, त्यासाठी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) हवा. हे मोबाइलवर होतं. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव तेवढं जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं हमखास तिथंच अडतं.

आणि असाइनमेंट. ३० टक्के गुण त्यांचे, ७० परीक्षेचे. तिन्ही विषयांच्या वह्या दिवाळीचा फराळ करायला घ्याल त्याआधी लिहून टाका. भाऊबीजेनंतर तुम्हाला पेन हातात धरायला मिळेल ते फक्त काट्यावर.