इअरबड्सचा आवाज बिघडला: तक्रार नेमकी कशाची करायची?

प्रश्न: ऑनलाइन घेतलेल्या स्वस्तातल्या वायरलेस इअरबड्सपैकी डावा बड तिसऱ्या आठवड्यात उजव्यापेक्षा हळू वाजू लागला. कॉल सुरू होताच आवाज पत्र्यासारखा होतो. विक्रीच्या पानावर ‘अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलं होतं, माहितीपत्रकात मात्र फक्त ‘ईएनसी’ आहे. परतीचे सात दिवस उलटले म्हणून विक्रेता हात वर करतो; ‘या किमतीत असंच असतं’ म्हणून कंपनी टाळते. काय करावं?

उत्तर: तुमच्या तीन तक्रारींचं वजन सारखं नाही.

कॉलवरच्या आवाजाची तक्रार सोडा. माइक चालू झाला की ब्लूटूथ संगीताची जोडणी सोडून कॉलच्या जोडणीवर जातं. तिथे आवाज मोनो (एकाच चॅनेलचा), बहुधा 8 किंवा 16 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे कमी तपशिलाचा असतो. हे तंत्राचं बंधन आहे, दोष नव्हे. ते ग्राहक आयोगाकडच्या अर्जात घातलंत तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल.

डाव्या बडचं आधी स्वतः तपासा. रबरी टिप काढून जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा, बड्स रीसेट करा, फोनमधला डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आणा, दुसऱ्या फोनला जोडून बघा. दोन्ही बड आळीपाळीने एकाच कानाला लावून ऐका, म्हणजे कानाचा प्रश्न उरत नाही. तरीही फरक राहिला तर सर्व्हिस सेंटरला द्या, पण जॉब शीटवर (दुरुस्तीच्या नोंदपत्रकावर) ‘डावा बड हळू’ असं लिहून घेतल्याशिवाय पावती स्वीकारू नका. वॉरंटी आणि परतीची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत. सात दिवस संपले म्हणून वॉरंटी संपत नाही.

खरा जोर तिसऱ्या मुद्द्यात आहे. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) कॉलवर तुमच्या बोलण्यातला गोंगाट कमी करतं, त्याचा फायदा पलीकडच्याला. एएनसी (अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात कमी करतं. एकाच्या नावावर दुसरं विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार वस्तू सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. शिवाय यात पान आणि माहितीपत्रक शेजारी ठेवलं की काम होतं. बडमधला दोष सिद्ध करायला ग्राहक आयोग त्याच 2019 च्या कायद्याच्या कलम 38 खाली प्रयोगशाळेत चाचणी करायला सांगू शकतो आणि तिचं शुल्क आधी तुम्हालाच भरावं लागतं. म्हणून अर्जात जाहिरात पहिली, बिघाड दुसरा.

त्या पानाचा वेब-पत्ता आणि तारखेसह स्क्रीनशॉट आजच घ्या. अशी पानं गुपचूप बदलतात. सोबत बिल, खोका आणि माहितीपत्रकाचे फोटो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलंत तर स्क्रीनशॉटवर हरकत घेणं अवघड जातं.

आता प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. उत्तर आलं नाही तर विक्रेता, कंपनी आणि प्लॅटफॉर्म तिघांना स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस पाठवा.

त्यानंतर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मागणी पूर्ण परतावा आणि झालेला खर्च एवढीच ठेवा. निकाल लागेपर्यंत दोन्ही बड आणि केस लेखी पोच घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती देऊ नका.