फोल्डिंग सायकल विमानात हँडबॅग म्हणून नेता येते का?

भाऊ, तुम्ही विचारलं की नागपूरहून बेंगळुरूला जायचं आहे, वीस इंची फोल्डिंग सायकल घडी घालून बॅगेत भरली तर केबिनमध्ये सोबत नेता येईल का. नाही जमत. मी आर्वीकडचा, तीनदा विमानानं सायकल नेली, तिन्ही वेळा चेक-इनमध्येच द्यावी लागली.

देशातल्या बहुतेक विमानांत हातातल्या बॅगेला 7 किलो अन् साधारण 55 × 35 × 25 सेंटीमीटर एवढीच सूट असते. आता वीस इंची चाक टायर धरून 50 सेंटीमीटरच्या आसपास भरते, चाकाची तर घडी होत नाही, मग 35 मध्ये बसवता कुठं? सोळा इंचीचंही चाक 40 च्या घरात जाते. वजनाचं म्हणाल तर ब्रॉम्प्टन कंपनीची टायटॅनियमची महागडी फोल्डिंग सायकलसुद्धा साडेसात किलोच्या आसपास आहे, आपल्या साध्या सायकली 12-13 किलोच्या. कोणी म्हणते की काउंटरवर बोललं की सोडतात, त्या भरवशावर घरून निघू नका, गेटवर अडवलं तर पॅकिंगला वेळही नसते अन् सामानही.

म्हणून चेक-इनचीच तयारी करा. तिथं सहसा 15 किलो मिळतात, त्यात बॅगेचंही वजन आलं, तर कपडे हँडबॅगेत टाका अन् सायकल किराणा दुकानाच्या काट्यावर मोजूनच निघा, जास्त भरली तर ऑनलाइन आधीच वाढीव वजन घ्या, काउंटरवर महाग पडते. काही कंपन्या सायकलला खेळाचं सामान धरून वेगळा चार्ज लावतात, तेही बुकिंगच्या वेळीच विचारा.

सगळ्यात जपायचा तो मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग. माझ्या पहिल्या खेपेला त्याचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकला, अन् हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असते, आर्वीत नाही, वर्ध्यात नाही, शेवटी ऑनलाइन मागवला, तोवर सायकल उभीच. तेव्हापासून मी 5 एमएमच्या ॲलन कीनं डिरेलर खोलतो, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला सुतळीनं बांधतो. बारीक नळ्यांवर ठिबकच्या जुन्या नळीचे उभे चिरलेले तुकडे चढवा, मधल्या जाड नळीला गोधडी गुंडाळा. पॅडल काढायचे तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावून आटे मारू नका.

हवेची भीती नको, वर गेल्यावर टायरच्या दाबात फरक पडते तो चारेक पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप), फक्त काही ठिकाणी कमी करायला सांगतात तर थोडी सोडा, पूर्ण नको, रिमला आधार राहू द्या. पाने, ॲलन की, पंप सगळं चेक-इनच्या बॅगेतच. बॅटरीवाली सायकल असेल तर मात्र थांबा, 160 वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही, अन् ई-सायकलची बॅटरी बहुतेक त्याच्या वरचीच असते.

देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. उतरल्यावर पट्ट्याजवळच बॅग उघडून पाहा, काही वाकलं-तुटलं असेल तर बाहेर पडायच्या आधी तिथल्याच काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या.

तुमची सायकल कोणती अन् वजन किती ते सांगा, घडी घातल्यावरचं मापही टाका, म्हणजे बॅग केवढी लागेल ते सांगतो.