होडीसाठी डीप सायकल बॅटरी घेताना आधी काठाचा उतार बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धोम धरणाच्या फुगवट्यात १४ फुटी फायबरची होडी आहे, माणसं दोन, पहाटे जाळी काढायला जाता. वल्ही मारून खांदे गेले म्हणून १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) इलेक्ट्रिक मोटार घेतली. आता बॅटरीवर गाडी अडलीय. दुकानदार ट्रकची १८० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो ते) गळ्यात मारतोय, मेहुणे म्हणतात इन्व्हर्टरची घ्या, आणि तुम्ही कुठंतरी ‘डीप सायकलच घ्या’ असं वाचलंय.

मी साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. माझा चुलतभाऊ कण्हेर धरणाच्या फुगवट्यात, मेढ्याच्या अंगाला, मच्छीमार सोसायटीचा सभासद म्हणून जाळी टाकतो. त्याच्या होडीवर आजवर चार प्रकारच्या बॅटऱ्या चढल्या. त्यातल्या पहिल्या दोन माझ्या सल्ल्यानं चढल्या आणि त्या दोन्हींचे पैसे पाण्यात गेले. तेव्हा हे उत्तर शहाणपणाचं कमी आणि फजितीचं जास्त आहे.

ट्रकची बॅटरी घेऊ नका, हे आधी सांगतो. गाडीच्या बॅटरीचं काम स्टार्टर फिरवायचं. दोन-तीन सेकंद शेकड्यांनी अँपिअर द्यायचे आणि लगेच डायनॅमोकडून भरून घ्यायचं. त्यासाठी आत पातळ पातळ प्लेटा जास्त संख्येनं घातलेल्या असतात. होडीची मोटार तसं मागत नाही. ती तास-दोन तास सारखं थोडं थोडं ओढते आणि बॅटरी पार खाली नेते. पातळ प्लेटेवरचा मसाला अशा दहा-वीस खोल उपशांतच सुटायला लागतो आणि तळाला गाळ साठतो. आमची ट्रकची बॅटरी चार महिने टिकली. ती वॉरंटीत बदलून मागायला गेलो, तर दुकानदारानं विचारलं, ‘कुठल्या गाडीला लावली होती?’ भाऊ भोळेपणानं म्हणाला, ‘होडीला.’ विषय तिथंच संपला.

डीप सायकल म्हणजे जाड प्लेटेची, रोज खाली जाऊन रोज भरायला बनवलेली बॅटरी. परदेशात ‘मरीन’ असं छापलेल्या मिळतात. आपल्याकडं तो शब्द शोधत बसू नका, नुसत्या शब्दाचे पैसे पडतात. आपल्या बाजारात त्या जातीच्या तीन गोष्टी सहज मिळतात: इन्व्हर्टरची किंवा सोलरची ट्युब्युलर, ई-रिक्षाची, आणि लिथियम फॉस्फेट. चौथी एक असते, बँका-ऑफिसांच्या यूपीएसमधून निघालेली जुनी सीलबंद बॅटरी. भंगारवाल्याकडं स्वस्तात मिळते. ती आयुष्यभर भरलेल्या अवस्थेत उभी राहिलेली असते आणि म्हातारी झाली म्हणूनच बाहेर निघालेली असते. तिच्या नादी लागू नका.

ट्युब्युलर बॅटरी म्हणून वाईट नाही. उलट ५० टक्क्यांपर्यंत वापरून रोज नीट भरली तर वर्षानुवर्षं चालते. घरातल्या कोपऱ्यात ठेवायची असती तर मी डोळे झाकून तीच सांगितली असती. पण १५० एएचची उंच ट्युब्युलर ॲसिडसकट पन्नास-साठ किलो भरते. आम्ही ती दिवाळीच्या सुमाराला घेतली. धरण भरलेलं, पाणी पार बांधापर्यंत आलेलं, होडी घराच्या मागच्या दारात असल्यासारखी. दोघांनी उचलली, ठेवली, चालू. मार्च उजाडला तसं पाणी आत सरकायला लागलं. मे महिन्यात होडी अर्धा किलोमीटर खाली, मधे नुसता गाळ, वरून भेगाळलेला आणि खालून मऊ. बांबूला दोरी बांधून आम्ही ती बॅटरी कावडीसारखी वाहायचो. शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाट चढतात तेव्हा निदान हजारो हात मदतीला असतात. इथं आम्ही दोघं, आणि अंधार. एके दिवशी भावाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, बॅटरी कलंडली, झाकणातून ॲसिड त्याच्या मांडीवर आलं. पाणी जवळ होतं म्हणून लगेच धुतलं. पँटची मात्र तिसऱ्या दिवशी जाळी झाली. त्यानंतर ती बॅटरी तो रोज वर आणेना. चार-चार दिवस अर्धवट उतरलेलीच होडीत पडायची. शिसं-ॲसिडच्या बॅटरीला (ट्रकची, ट्युब्युलर, ई-रिक्षाची, सगळ्या त्याच जातीच्या) उतरलेली ठेवणं म्हणजे विष, प्लेटांवर सल्फेट कडक बसतं आणि मग ती भरतच नाही. पावसाळ्यापर्यंत तिची निम्मी ताकद गेली.

म्हणून मी आता कुणी विचारलं की एएच विचारायच्या आधी विचारतो: मे महिन्यात तुमची होडी घरापासून किती लांब असते आणि बॅटरी वर कोण आणणार? धोमचं पाणीही शेतीला सुटतं, उन्हाळ्यात काठ तुमच्याकडंही पळतोच. जी बॅटरी तुम्ही कंटाळा न करता रोज घरी आणून चार्जिंगला लावाल, तीच तुमच्यासाठी बरोबर. आकडे त्यानंतर.

आता आकडे. ५५ पौंडांची मोटार पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. अंदाजाला सोपा हिशोब, १२ व्होल्टवर जेवढे पौंड जवळपास तेवढे अँपिअर. पण तुम्ही पूर्ण वेगात जाणार नाही, जाऊही नका. पाण्यात वेग थोडा वाढवायला ताकद कितीतरी जास्त लागते, त्यामुळं मोटारीच्या वेगाच्या मधल्या नंबरवर वीस-पंचवीस अँपिअरात काम भागतं आणि वेगात फारसा फरक पडत नाही. भावाच्या होडीवर मी डीसी क्लॅम्प मीटर लावून मोजलं (साधा क्लॅम्प मीटर बहुतेक वेळा फक्त एसीचा असतो, विचारून घ्या). दीड किलोमीटर जाताना तिसऱ्या नंबरवर पंचवीस मिनिटं, २० अँपिअरनं, म्हणजे आठेक एएच. जाळ्याजाळ्यांतून फिरताना पहिल्या नंबरवर पाऊण तास, आठ-नऊ अँपिअर, म्हणजे सहा-सात एएच. आणि येताना होडीत कटला-चिलापीचं वजन, समोरून वारा, चौथा नंबर, ३० अँपिअर, अर्धा तास. ते १५. बेरीज ३० एएच. यावर तेवढीच शिल्लक धरायची, कारण वारा तुम्हाला विचारून सुटत नाही. म्हणजे ६०.

तुम्ही म्हणाल, मग ६० ची बॅटरी पुरे की. तिथंच फसगत होते. बॅटरीवर १०० एएच लिहिलेलं असतं ते बहुधा सी-२० चं, म्हणजे ५ अँपिअरनं वीस तास उपसली तर. २० अँपिअरनं उपसली तर शिसं-ॲसिडवाली पंच्याहत्तर-ऐंशीच देते, ५० नं उपसली तर साठ-पासष्टवर येते. काही सोलर बॅटऱ्यांवर सी-१० लिहिलेलं असतं, म्हणजे दहा तासांत उपसली तर. एएच तेवढेच असतील तर सी-१० वाली प्रत्यक्षात मोठी. दुकानात दोन बॅटऱ्यांची किंमत जुळवताना हे अक्षर आधी बघा. आणि रोजचा वापर निम्म्यावर थांबवायचा. हे सगळं धरलं तर तुमच्या कामाला शिशाची १०० ते १३० एएच पुरते. १५० किंवा १८० चा हट्ट नको.

यात ई-रिक्षाची बॅटरी चपखल बसते. रिक्षात १२ व्होल्टच्या अशा चार बॅटऱ्या ओळीनं जोडून ४८ व्होल्ट करतात आणि दिवसभर पिळून काढतात, म्हणजे ती बनलीच खोल उपशासाठी. वजन तीस किलोच्या आसपास, उंची कमी, त्यामुळं होडीत डुलत नाही. दोन बाजूंना दोरीच्या मुठी, दोघांना सहज जाते, गडी धट्टाकट्टा असेल तर एकट्यालाही. भावानं ही अडीच वर्षं वापरली. पाणी बघावं लागतं, तेवढं एक. डिस्टिल्डच घाला. बोअरचं घातलंत तर क्षार जातात, आणि ‘जोर कमी झाला’ म्हणून ॲसिड घालणारे तर बॅटरीचा खूनच करतात.

सध्या त्याच्याकडं १०० एएचची लिथियम फॉस्फेट आहे. बारा किलो. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात डबा. ८०-९० टक्के वापरली तरी चालते, जास्त करंटला एएच फारसे घटत नाहीत, अर्धवट भरलेली राहिली तरी रुसत नाही, आणि दोन हजारांच्या पुढं सायकल (उतरून परत भरायचे फेरे) सांगतात. किंमत ई-रिक्षाच्या बॅटरीच्या तिपटीच्या आसपास. तुम्ही वर्षाचे आठ-नऊ महिने रोज जात असाल तर ती फिटते. फक्त रविवारी गळ टाकायला जात असाल तर ई-रिक्षाचीच घ्या, लिथियमचे पैसे वसूल व्हायच्या आत तुमचा नाद सुटेल!

लिथियम घेताना मात्र एक गोष्ट कागदावर लिहून न्या: आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सतत किती अँपिअर सोडतो? दिव्यांसाठी बनवलेल्या बॅटऱ्यांत १०० एएच असूनही बीएमएस तीस-चाळीसचाच असू शकतो. तुमची मोटार ५० मागणार, बीएमएस खट्कन बंद पडणार, आणि तुम्ही मधोमध. १०० अँपिअरचा असेल तर निवांत. जुन्या स्कूटरचे सेल काढून बांधलेले पॅक कुणी देत असेल तर हात जोडा. त्या सेलांची रसायनं बहुधा वेगळी असतात, व्होल्टही जुळत नाहीत आणि पेटण्याचा धोका जास्त. आणखी एक, लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी हिवाळ्यात येते, पण आपण घाटाखाली घरात चार्ज करणार, तेव्हा ती चिंता सोडा.

शिशाच्या बॅटरीचा अंदाज व्होल्टवरून येतो. काठावर आल्यावर मोटार बंद करून तास-दोन तासांनी मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली रोज जात असेल तर बॅटरी लहान पडतेय. लिथियमचं तसं नाही. ती बराच काळ १३.२-१३.३ वरच दिसते आणि मग एकदम घसरते, म्हणून तिला एएच मोजणारा मीटर लावा, स्वस्तात मिळतो. चार्जरही तिचाच वेगळा घ्या. इन्व्हर्टरवर शिशाची भरत असाल तर १०० एएचला दहा ते पंधरा अँपिअरपर्यंत द्या, झाकणं बघा, खोलीत हवा खेळती ठेवा. भरताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा तिथं देवाचा दिवाही नको.

वायरिंगला लोक कंजुषी करतात आणि दोष बॅटरीला देतात. बॅटरी मोटारीपासून तीन मीटर लांब ठेवून मधे ४ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर लावलीत तर ५० अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वायरीतच जळतो. १६ स्क्वेअरची तांब्याची लावा, वेल्डिंगची केबल चालते, तोटा पाव-अर्ध्या व्होल्टच्या मधे राहतो. प्लस टर्मिनलजवळच, वीतभर अंतरात, ६० अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर हवाच. नट घट्ट, वरून व्हॅसलीन. बॅटरी मधे किंवा पुढच्या बाजूला ठेवा. मागं मोटार, मागं माणूस आणि मागंच बॅटरी असं केलंत तर होडी नाक वर करून बसते. प्लॅस्टिकच्या टबात ठेवून पट्ट्यानं आवळा.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर एकाच दिवशी, एकाच जातीच्या घ्या. जुनीला नवी जोडली की जुनी नवीला खाते.

पावसात होडी वर ओढून ठेवता तेव्हा शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत भरा. नारळी पौर्णिमेनंतर ‘बॅटरी गेली’ म्हणून माझ्याकडं येणारे बहुतेक जण जूनमध्ये तिला रिकामी टाकून विसरलेले असतात. मेलीच तर ओढ्यात ॲसिड ओतू नका, नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या, त्याचे पैसे वजा होतात.

आणि वल्ही विकू नका. भावाची होडी लिथियमसकट एकदा बंद पडली होती, प्रोपेलरला त्याच्याच जाळ्याची दोरी गुंडाळली होती. बॅटरी ७० टक्के भरलेली, आणि हा वल्हं मारत काठावर.