चार जंगलांतल्या वाघांचे नमुने एकत्र करून एनई काढला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय: मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा इथल्या विष्ठेच्या डीएनएवरून वाघ ओळखले, सगळे एकाच फाइलमध्ये घालून लिंकेज डिसइक्विलिब्रियमच्या (वेगवेगळ्या जनुकस्थानांवरची रूपं योगायोगापेक्षा जास्त वेळा एकत्र दिसतात का, हे बघण्याच्या) पद्धतीनं एनई, म्हणजे प्रभावी लोकसंख्या (जितक्या वाघांच्या आदर्श गटात जनुकीय वैविध्य याच वेगानं घटेल तो आकडा) काढली, आणि आकडा फारच लहान आला. घाबरायचं का?

आधी फाइल फोडा. मीही प्रबंधात हाच घोळ घातला होता. गाइडनी एवढंच विचारलं, "हा एनई नक्की कोणाचा?" मी गप्प.

असं बघा. एका जंगलात दोन वेगळ्या जनुकस्थानांवर 'अ' आणि 'प' ही रूपं जास्त आहेत, दुसऱ्यात 'आ' आणि 'फ'. प्रत्येक जंगलात या दोन स्थानांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही जंगलं मिसळली की 'अ' बरोबर 'प' वारंवार दिसायला लागतो. प्रोग्रामला जंगलं कुठे ठाऊक? त्याला वाटतं, आईबाप मोजकेच असणार, म्हणून अशा जोड्या जमल्यात. तुमचा लहान आकडा बराचसा यातून आलेला असू शकतो.

म्हणून आधी गट किती ते तपासा, मग प्रत्येक गटाचा एनई वेगळा काढा. नमुने कमी असतील तर उत्तर 'अनंत' किंवा चक्क ऋण येईल. हुरळून जाऊ नका, माहिती अपुरी आहे एवढाच त्याचा अर्थ. विश्वासमर्यादेची, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा त्याची, खालची बाजू बघा. आणि जंगलाजंगलांत पिढीमागे ५-१० टक्क्यांहून जास्त ये-जा असेल, तर एका जंगलाचा आकडाही अख्ख्या पट्ट्याच्या आकड्याकडे सरकतो.

चारही आकड्यांची बेरीज म्हणजे एकूण एनई, असंही नाही. राइटच्या बेट-प्रतिमानात (सारख्या गटांत सारखीच ये-जा धरणाऱ्या गणिती मांडणीत) बेरजेला (१ − एफएसटी) नं भागतात; एफएसटी म्हणजे गट जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून किती वेगळे आहेत याचं ० ते १ मधलं माप. ५० चे चार गट, एफएसटी ०.२: २०० भागिले ०.८, म्हणजे २५०. बेरजेपेक्षा जास्त! कारण तुटलेल्या गटांत जनुकांची वेगवेगळी रूपं टिकून राहतात, सगळीकडून एकदम जात नाहीत. पण हे प्रत्येक गट कायम टिकला आणि पुढच्या पिढीत सारखाच वाटा देत राहिला तरच. प्रत्यक्षात एक जंगल बछडे पुरवतं, दुसरं रिकामं होतं आणि पुन्हा भरतं. मग एकूण एनई बेरजेच्याही खूप खाली जाऊ शकतो.

मी तरी अहवालात २५० लिहून निर्धास्त झालो नसतो. ओडिशातलं सिमिलीपाल बघा: इतरत्र जंगलात जवळपास न दिसणारे, पट्टे पसरून काळपट झालेले वाघ तिथे नेहमीचे झालेत. टॅकपेप जनुकातला एक बदल त्या एकाकी, छोट्या गटात पसरला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. देशभराचा एनई कितीही असो, तिथल्या वाघिणीला जोडीदार तिथलाच मिळतो. तेव्हा पेंच-कान्हाच्या तक्त्यात स्थानिक एनईचा रकाना आधी द्या, एकूणचा नंतर.